आधी तिथी बघा, मग तिकीट काढा

थायलंडला जायचं ठरलं की आपल्याकडे आधी विमानाच्या ऑफर बघतात, मग ऑफिसच्या सुट्ट्या बघतात, मग बँकॉकमध्ये शॉपिंग कुठे करायचं ते बघतात. सगळं बरोबर आहे, पण फुकेतला जाऊन समुद्रात कयाक, म्हणजे वल्ह्याने चालवायची छोटी होडी, चालवायची असेल तर माझं म्हणणं आहे की सगळ्यात आधी भिंतीवरचं कालनिर्णय काढा आणि तिथी बघा. खरंच सांगतेय. मी आणि माझी धाकटी बहीण डिसेंबरात गेलो होतो आणि तारीख अशीच ठरवली होती, दत्तजयंतीची पौर्णिमा धरून, आई थोडी नाराज झाली की बरोब्बर दत्तजयंतीलाच कशा गं घरात नसता तुम्ही, पण तिलाही भरती-ओहोटी समजावून सांगितल्यावर पटलं, कारण ती समुद्रकाठच्या रेवदंड्याची, तिला पौर्णिमा म्हणजे काय ते मी काय सांगणार.

आता जागा सांगते. फुकेत बेट आणि क्राबी यांच्या मध्ये समुद्र जमिनीत आत घुसलाय, तो फांग न्गाचा उपसागर. १९८१ साली तिथे राष्ट्रीय उद्यान केलं, साधारण ४०० चौरस किलोमीटरचं, आणि त्यातला बराचसा भाग पाणीच. पाण्यातून सरळ उभे चुनखडीचे सुळके वर आलेत, काही तर शेकडो फूट उंच, त्यांच्या अंगावर झाडं लटकलेली, खाली पायथ्याशी पाण्याने कातळ खाऊन खाऊन आत गेलेला, त्यामुळे प्रत्येक बेट वरती रुंद आणि खाली बारीक दिसतं. यातलं एक बेट १९७४ सालच्या एका बाँडपटामुळे जगप्रसिद्ध झालंय आणि सगळ्या टूर तिकडे पळतात. आम्ही लांबूनच बघितलं, गर्दी बघून पुढे गेलो, मला त्याचं अजिबात वाईट वाटलं नाही.

आम्हाला बघायचे होते हाँग. म्हणजे काय तर बाहेरून अख्खं बंद दिसणारं बेट, पण त्याच्या पोटात उघडं आकाश असलेलं तळं, आणि आत जायला एकच रस्ता, समुद्रपातळीला असलेला बोगदा. हे कसं झालं ते आमच्या गाइडने फार छान सांगितलं आणि नंतर मी वाचलंही. चुनखडीचा हा दगड पंचवीस कोटी वर्षांहून जुना, समुद्राच्या तळाशी शंखशिंपल्यांचा आणि प्रवाळांचा गाळ साठून झालेला. पावसाचं पाणी किंचित आम्लधर्मी असतं, ते दगडात झिरपत गेलं, लाखो वर्षं दगड विरघळत गेला, आत गुहा झाल्या, काही गुहांची छतं कोसळली आणि वर आकाश उघडं पडलं. शेवटच्या हिमयुगात समुद्र आजच्यापेक्षा शंभर मीटरहूनही खाली होता, तेव्हा हा सगळा उपसागर कोरडी जमीन होती आणि ही बेटं म्हणजे नुसते डोंगर! मग बर्फ वितळलं, पाणी चढलं, डोंगरांची बेटं झाली आणि बोगद्यांतून समुद्र आत शिरला.

आणि इथेच तिथीचा संबंध येतो. बोगद्याचं छत आणि पाणी यांच्यात जागा किती आहे ते पूर्णपणे भरती-ओहोटीवर. पाणी जास्त असेल तर बोगदा बुडालेला, आत जाताच येत नाही. पाणी फार उतरलं तर काही बोगद्यांत कयाक तळाला घासते, आत नुसता चिखल. मधला थोडा वेळ काय तो आपला. आणि आत गेल्यावर पाणी चढायला लागलं तर बोगदा मागून बंद होतो, मग पुढची ओहोटी येईपर्यंत तासन् तास आतच. म्हणून चांगले गाइड आधी टाइड टेबल, म्हणजे भरती-ओहोटीचं वेळापत्रक, बघतात आणि मग दिवसाचा बेत ठरवतात, रोजचा कार्यक्रम वेगळा असतो, आणि जो कोणी तुम्हाला वर्षभर रोज त्याच वेळेला तेच हाँग दाखवतो म्हणेल त्याच्याकडे बुकिंग करू नका.

आमचे आजोबा भरतीची वेळ तोंडी सांगायचे. तिथीची पाऊणपट करायची. पंचमी असेल तर पाचाची पाऊणपट पावणेचार, म्हणजे पावणेचारच्या सुमाराला पूर्ण भरती. कोकण किनाऱ्यावर हे अंदाजाला बरोबर बसतं, कोळी लोक पिढ्यानपिढ्या वापरतात. फांग न्गाला घड्याळही वेगळं आणि किनाराही वेगळा, त्यामुळे तिथे हा हिशोब जसाच्या तसा चालत नाही, पण चंद्र तोच ना. तिथे पौर्णिमा-अमावस्येच्या आसपास सकाळी दहा-अकराला पूर्ण भरती येते आणि दुपारी चार-पाचच्या सुमाराला पूर्ण ओहोटी. म्हणजे दुपारभर पाणी उतरत असतं, एकेक बोगदा उघडत जातो, आणि उजेडही असतो. अष्टमीच्या आसपास भांगाचं पाणी, चढउतार कमी, तेव्हा वेगळी मजा असेल, पण मला उधाणाचं, म्हणजे पौर्णिमा-अमावस्येचं मोठ्या चढउताराचं पाणी बघायचं होतं. मुंबईला उधाणाला पाणी पाच मीटरच्या आसपास चढतं, तिथे तेवढं नाही, अडीच-तीन मीटर, पण बोगद्यासाठी तेवढं म्हणजे खूप झालं.

फुकेतच्या ईशान्येला आओ पो नावाचा धक्का आहे तिथून दुपारी बाराच्या सुमाराला मोठी बोट निघाली, कयाक वर टपावर बांधलेल्या. धक्क्यावर त्सुनामीच्या वेळी कुठे पळायचं त्याचे निळे बोर्ड आहेत. २६ डिसेंबर २००४ ला थायलंडमध्ये पाच हजारांहून जास्त माणसं गेली, त्यात सगळ्यात जास्त याच फांग न्गा प्रांतात, खाओ लाकच्या उघड्या किनाऱ्यावर. त्या दिवशीही मार्गशीर्ष पौर्णिमाच होती. भूकंपाचा आणि पौर्णिमेचा संबंध नाही हे मला माहितीये, तरी बोर्ड वाचताना आम्ही दोघी गप्प झालो. आपल्याकडे तामिळनाडूला, अंदमानला तेच पाणी गेलं होतं.

बोटीवर गाइडने (नाव लिहीत नाही, आम्ही आपापसात त्याला दादाच म्हणत होतो, तोही हसून ओ द्यायला लागला) आधी पाण्यात उतरवलं. कयाक चालवायच्या आधी कयाकवरून पडायचं शिका म्हणे. मला हे इतकं आवडलं! इथल्या कयाक वरून उघड्या असतात, आत पाय घालून बसायच्या नाहीत, तळाला छोटी भोकं असतात त्यातून पाणी आपोआप निघून जातं. उलटली तर आधी वल्हं पकडायचं, मग कयाक सरळ करायची, मग बाजूने दोन्ही हात पलीकडच्या कडेपर्यंत टाकायचे, पायांनी जोरात पाणी मारायचं आणि पोटावर आडवं चढायचं. उभं राहून किंवा गुडघा टाकून चढायला गेलं की परत उलटते. बहीण पुण्यात टँकमध्ये शिकलेली, तिचे पाय जोरदार चालतात, ती लगेच चढली. मी आजोळच्या विहिरीत शिकलेली, मला पाण्यात तासभर नुसतं तरंगत राहा म्हटलं तर राहीन, पण वर चढायला खांद्यांत जोर लागतो, तिथे मला जरा झगडावं लागलं. लाइफ जॅकेट काढायचं नाही ही सक्ती होती आणि ती असलीच पाहिजे, कितीही पोहता येत असलं तरी.

मग वल्हवायचं. दोघींची मिळून एक कयाक, मागे बसणारी दिशा सांभाळते, पुढची ताल धरते. सगळे लोक हातांनी ओढतात आणि अर्ध्या तासात दंड भरून येतात. दादाने दाखवलं की हात जवळजवळ सरळ ठेवायचे आणि कमरेतून वळायचं, पाठीने आणि पोटाने ओढायचं, वल्हं पायाच्या बोटांपाशी पाण्यात आणि कमरेपाशी बाहेर. हे एकदा अंगात बसलं ना की मग लय लागते, पाण्याचा आवाज फक्त, मी पुढे बसून मनात आकडे मोजत होते आणि मागून ताई डावीकडे, ताई डावीकडे असं चाललं होतं.

पहिलं बेट को पनाक. तिथे वटवाघळांची गुहा आहे, बरीच लांब, डोक्यावर टॉर्च लावून जायचं. आत शिरल्या शिरल्या तो वास येतो, उग्र, आणि छताला हजारो वटवाघळं. टॉर्च थेट त्यांच्यावर मारायचा नाही, बोलायचं नाही. बाजूने चुनखडीचे झुंबरासारखे थर लोंबत असतात, काही चमचमणारे. हळूहळू छत खाली येत गेलं, खाली येत गेलं, आणि एका जागी दादाने कयाक थांबवल्या आणि भिंतीकडे टॉर्च मारून बघत राहिला. भिंतीवर कालवांचा, म्हणजे दगडाला चिकटलेल्या शिंपल्यांचा पट्टा होता. पाणी त्या पट्ट्याच्या कुठल्या रेषेला आहे ते तो बघत होता, तीच त्याची पट्टी. मग म्हणाला दहा मिनिटं थांबू. त्या काळोखात आम्ही दहा मिनिटं थांबलो आणि खरंच, डोळ्यांदेखत पाणी उतरलं, मघाशी बुडालेली कालवं उघडी पडली.

ओहोटीचे सहा तास असतात पण पाणी सारख्या वेगाने उतरत नाही, हे मला तेव्हा नीट कळलं. पहिल्या तासात बाराव्या हिश्शाएवढं उतरतं, दुसऱ्यात दोन हिस्से, तिसऱ्या आणि चौथ्या तासात तीन-तीन हिस्से, मग परत दोन, मग एक. म्हणजे मधल्या दोन तासांत अर्धं पाणी निघून जातं. आम्ही बरोब्बर त्या वेळेला तिथे होतो, म्हणून दहा मिनिटांत एवढा फरक. आजोबा मधल्या पाण्यात खाडी ओलांडू नका म्हणायचे त्याचं कारण हेच.

मग दादा म्हणाला झोपा. कयाकमध्ये सपाट उताणं, वल्हं अंगाला लावून, हात आत, कारण कालवांची धार म्हणजे ब्लेड. छत नाकापासून वीतभर. तो पाण्यात उतरून हातानेच कयाक पुढे ढकलत होता. माझ्या बहिणीला बंद जागेची भीती वाटते, ती आधीपासून बोलत होती की मी नाही येणार, मी बाहेर थांबेन, पण आली, आणि सगळा वेळ तिने मागून माझा खांदा धरून ठेवला होता. हे लिहिताना पण मला तिचं कौतुक वाटतंय.

आणि मग उजेड. काय सांगू! विहिरीच्या तळाशी बसून वर बघितल्यावर दिसतं तसं गोल आकाश, पण विहीर केवढी, तर आपल्या गावच्या मैदानाएवढी, आणि भिंती तीसेक मजली इमारतीएवढ्या उंच, त्यावर केवडा वाढलेला, सायकस लटकलेले, वेली, आणि मध्ये तळ्यात तिवरांची, म्हणजे खारफुटीची झाडं उभी, त्यांची मुळं ओहोटीने उघडी पडलेली. वारा नाही. लाट नाही. बाहेर बोटींची इंजिनं चालू असतील पण आत काहीच ऐकू येत नाही. चिखलात बघते तर निवट्या, ते चिखलातले मासे! आपल्या रेवदंड्याच्या खाडीत असतात त्याच, डोळे वर काढून, चिखलावर उड्या मारत, परांवर टेकून. बहीण ओरडायच्या बेतात होती, मी तिला हातानेच गप्प केलं. लाल नांगीच्या छोट्या चिंबोऱ्या पण होत्या, एक नांगी मोठी आणि एक बारीक, ती मोठी नांगी हलवत बसलेल्या. मग एका फांदीवरून माकडं खाली उतरली, ही माकडं खेकडे खातात आणि पोहतातही, पाण्यातून एक पिल्लू आईच्या पाठीवर बसून पलीकडे गेलं. त्यांना काही खायला घालायचं नाही, इतर बोटींवरचे लोक घालतात आणि मग ती अंगावर येतात, मला हे बघून राग येतो.

आत जास्तीत जास्त पंधरा-वीस मिनिटं थांबू देतात. हे योग्यच आहे. तेवढ्या जागेत पन्नास कयाक आणि आरडाओरडा झाला तर तिथलं जे काही आहे ते राहणार नाही. फांग न्गाच्या दक्षिणेला फी फी बेटांवर माया बे नावाची पुळण आहे, तिथे रोज हजारो लोक जाऊन प्रवाळ इतके खराब झाले की २०१८ ला सरकारने ती बंदच केली, २०२२ ला उघडली तेव्हा पोहण्यावर बंधनं घालून. आता थायलंडच्या सगळ्या समुद्री उद्यानांत ऑक्सिबेन्झोन, ऑक्टिनोक्सेट वगैरे प्रवाळांना बाधणारी रसायनं असलेलं सनस्क्रीन २०२१ पासून बंद आहे, एक लाख बाहतपर्यंत दंड आहे. आपल्याकडच्या बऱ्याच ट्यूबवर ही नावं असतात, तेव्हा मागचं बारीक अक्षर वाचून घ्या. सगळ्यात सोपं म्हणजे पूर्ण बाह्यांचा स्विमिंगचा टीशर्ट आणि टोपी, आम्ही तेच केलं.

पोहायला एका छोट्या बेटाच्या पुळणीवर थांबलो. इथे एक गोष्ट आधीच सांगून ठेवते, कारण लोक फोटो बघून जातात आणि हिरमुसतात, फांग न्गाचं पाणी मालदीवसारखं निळं पारदर्शक नाही. हिरवं आहे, थोडं गढूळ. आजूबाजूला तिवरांची जंगलं आहेत, नद्या गाळ आणतात, उपसागर उथळ आहे. मला तर ते पाणी ओळखीचं वाटलं आणि म्हणून जास्त आवडलं. कोमट, उबदार, डिसेंबरात पण. खारं पाणी उचलून धरतं, विहिरीत जेवढे पाय मारावे लागतात त्याच्या निम्मे पण लागत नाहीत. मी पाठीवर पडून कड्याखाली तरंगत होते, वरून एक ब्राह्मणी घार फिरत होती, आपल्याकडच्या बंदरांवर फिरते तीच, पांढरं डोकं आणि तांबूस पंख.

तेवढ्यात लक्षात आलं की मी न हलता पुळणीपासून लांब चाललेय, ओहोटी होती ना. दादाने आधीच सांगून ठेवलं होतं की अशा वेळी समोरासमोर पाण्याशी झगडायचं नाही, आडवं पोहत कडेला यायचं, कडेला ओढ कमी असते. तसंच केलं आणि आले आरामात. जेलीफिशचं विचारून घ्या, तिथे काही विषारी जातीच्या असतात, म्हणून थायलंडच्या बऱ्याच किनाऱ्यांवर व्हिनेगरच्या बाटल्यांचे खांब उभे केलेत आणि आमच्या बोटीवरही बाटली होती. डंख झाला तर चोळायचं नाही, गोडं पाणी ओतायचं नाही, व्हिनेगर ओतायचं.

येताना मी मागे बसले. वारा समोरून आणि पाणी आडवं. जिकडे जायचंय तिकडे तोंड करून वल्हवलं तर आपण भलतीकडेच पोचतो, तोंड थोडं प्रवाहाकडे वळवून ठेवायचं आणि मग कयाक तिरपी तिरपी बरोब्बर हव्या त्या जागी जाते. हे मला एवढं भारी वाटलं की मी मुद्दाम दोनदा तेवढाच पट्टा ओलांडला, बहीण वैतागली होती, तिला भूक लागली होती.

जेवण बोटीवरच, भात, तळलेला मासा, टॉम याम म्हणजे आंबट-तिखट सूप, भाज्या, कलिंगड. शाकाहारी असाल तर नुसतं व्हेज म्हणू नका, फिश सॉस सगळ्यात असतो, "जे" म्हणून सांगा, म्हणजे मांस-मासे-अंडी-दूध काही नाही हे त्यांना कळतं.

अंधार पडल्यावर परत एका गुहेत गेलो. तिथे टॉर्च बंद करून पाण्यात हात घातला की हाताभोवती निळसर ठिणग्या उठतात, सूक्ष्म जीव असतात, पाणी हललं की उजळतात. पौर्णिमेला उघड्या समुद्रावर हे नीट दिसलं नसतं, पण गुहेत चांदणं पोचत नाही. देवगड, मालवण, मुंबईच्या किनाऱ्यावरही कधीकधी निळ्या लाटा येतात त्या अशाच जीवांमुळे. बहीण वल्हं मारतच नव्हती, नुसती पाण्यात बोटं फिरवत बसली होती.

खर्च म्हणाल तर नेहमीच्या स्पीडबोटच्या टूरपेक्षा जास्तच पडतो, पण दुसरं काहीतरी कापा आणि हे करा. नोव्हेंबर ते एप्रिल हा हंगाम, कारण मे ते ऑक्टोबर तिथेही आपलाच नैऋत्य मोसमी वारा असतो आणि समुद्र खवळलेला. पोहता येत नसेल तरी जाता येतं, गाइड वल्हवतो, पण महिनाभर आधी टँक लावा, निदान तरंगायला शिका, पाण्याची भीती गेली की डोळे बघायला मोकळे होतात.

आणि ज्यांना परदेश जमणार नाही त्यांच्यासाठी, वेंगुर्ल्याला मांडवी खाडीत स्वामिनी बचत गटाच्या बायका स्वतः होडी वल्हवून कांदळवन दाखवतात, तिवरांच्या जाती सांगतात, पक्षी दाखवतात. हाँग नाहीत तिथे, पण निवट्या आहेत, चिंबोऱ्या आहेत आणि माहिती आपल्या भाषेत मिळते. आम्ही फेब्रुवारीत आईला घेऊन जाणार आहोत. ती म्हणते होडीत बसेन पण पाण्यात उतरणार नाही, आणि तिथी मीच ठरवणार.